लिंबू पिळलं तरी न फाटणारं क्रिमी सॅलड ड्रेसिंग घरी कसं करायचं?

डिलाईल रोड, म्हणजेच ना. म. जोशी मार्ग. या रस्त्यावर १९२० च्या दशकातल्या, १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या बीडीडी चाळी. आणि हाकेच्या अंतरावर गिरण्यांच्या जमिनीवर उभी राहिलेली लोअर परळची ऑफिसं. ऑफिसं आली तसे कॅफे आले आणि त्यांच्या मेनूत ‘क्रिमी सिट्रस ड्रेसिंग’ आलं. नाव भारी असलं तरी मामला आंबट आणि घट्ट, एवढाच. चाळीतल्या स्वयंपाकघराला तो नवा नाही. दह्यातली कोशिंबीर तिथे रोजचीच.

घरी करताना भीती एकच असते, लिंबू पिळलं की फाटणार. ती दुधाबाबत खरी आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन आंबटपणा वाढला की गोळा होतं. पातळ साय किंवा क्रीम वापरली तर हाच धोका. पण दह्यात हे काम विरजणाने आधीच उरकलेलं असतं. त्यामुळे लिंबू नवीन काही फाडू शकत नाही. दह्याचं ड्रेसिंग बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. म्हणून दह्याऐवजी चक्का घ्यायचा. मुंबईच्या उकाड्यात दही बाहेर टांगलं तर जास्तच आंबतं, तेव्हा गाळणीत फडकं घालून दोन-तीन तास फ्रिजमध्येच निथळू द्यावं.

आता तेल. तेल आणि रस एकमेकांत टिकत नाहीत. पारंपरिक मेयोनीजमध्ये त्यांना बांधून ठेवायचं काम अंड्याचा बलक करतो, पण कच्चं अंडं या हवेत नकोच. आपल्याकडे त्याला उत्तर आहे, फेसलेली मोहरी. मोहरीच्या सालीत चिकट द्रव्य असतं, ते तेलाचे बारीक थेंब धरून ठेवायला मदत करतं. तिचा झणका मात्र पाणी लागल्यावरच उठतो आणि लिंबू लगेच पडलं तर दबतो. त्यामुळे अर्धा चमचा मोहरी कुटायची, चमचाभर पाण्यात फेसायची, दहा मिनिटं थांबायचं. पावशेर मोहरी घालण्याचा उत्साह नको, नाकात चढते.

मग अर्धी वाटी चक्का, फेसलेली मोहरी, अर्धा चमचा साखर एकत्र घोटायचं. दोन चमचे तेल थेंब थेंब सोडत घोटत राहायचं. शेवटी एक चमचा लिंबाचा आणि दोन चमचे संत्र्याचा रस. वास हवा असेल तर लिंबाची फक्त हिरवी साल किसायची; खालचा पांढरा भाग कडू असतो. मोसंबी वापरायची तर रस ताजाच काढावा, ठेवला की कडवट होतो. आणि भांडं स्टीलचं किंवा काचेचं. कल्हई उडालेल्या पितळेत दही कळकतं.

तेल वेगळं दिसायला लागलं तर फेकून देऊ नका. दुसऱ्या वाटीत चमचाभर चक्का घेऊन बिघडलेलं त्यात थोडं थोडं घालून घोटा, बहुतेकदा जमून येतं.

मीठ सगळ्यात शेवटी, खाताना. काकडी-टोमॅटोला आधी मीठ लावलं की पाणी सुटतं आणि सगळी मेहनत पातळ होते. डब्यात न्यायचं असेल तर ड्रेसिंग वेगळ्या डबीत द्यावं. फ्रिजमध्ये दोन दिवस चांगलं राहतं.