विश्लेषण : उन्हाळ्यात वायर जास्त का तापते?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ रोजी पहाटे टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत ८ जणांचा मृत्यू झाला. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा वर्तवला गेला. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि सगळे खापर या एकाच शब्दावर फुटते. पण शॉर्टसर्किट होण्याआधी वायरीत काय घडत असते?

तांबे तापले की काय होते?

तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात. तापमान वाढले की अणूंची थरथर वाढते, इलेक्ट्रॉनची वाट अडते आणि विद्युतरोध वाढतो. तांब्यासाठी ही वाढ दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के. म्हणजे २० अंशांवरची वायर ७० अंशांवर गेली, तर रोध जवळपास २० टक्क्यांनी वाढतो. लूमच्या मोटारी तेवढाच प्रवाह ओढत राहिल्या, तर वायरीत उष्णताही तेवढीच जास्त तयार होते. तापली म्हणून रोध वाढला, रोध वाढला म्हणून आणखी तापली! एरवी वायर हवेत उष्णता सोडते आणि हे चक्र थांबते. पण हवाच ४२-४३ अंशांची आणि वायरीवर कापसाच्या धुळीचा थर, मग उष्णता जाणार कुठे? ढिल्या स्क्रूपाशी रोध मुळातच जास्त, त्यामुळे जळण्याची सुरुवात बहुधा तिथेच होते.

मग आवरणाचे काय?

इथे गंमत उलटी आहे. प्लास्टिक, वार्निश यांत मोकळे विद्युतभार जवळपास नसतात. उष्णता ते मोकळे करते आणि रोध घटतो. मोटारीच्या वाइंडिंगसाठी ढोबळ ठोकताळा असा, की तापमान १० अंशांनी वाढले की आवरणाचा रोध निम्मा होतो. म्हणून सकाळी थंड मोटारीवर घेतलेले मेगरचे रीडिंग दुपारच्या तापलेल्या मोटारीशी थेट ताडून पाहू नये. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांचेही असेच, तापमानाबरोबर रोध कमी.

शेगडीतल्या नायक्रोमचा रोध मात्र लालभडक झाल्यावरही फारसा बदलत नाही. डाइंगच्या यंत्रातील पीटी-१०० सेन्सर तर या बदलावरच चालतो : प्लॅटिनमच्या तारेचा रोध ० अंशाला १०० ओहम, १०० अंशांना १३८.५.

केबल किती पेलते?

पीव्हीसी आवरणाची साधारण मर्यादा ७० अंश. ३० अंशांच्या हवेत १०० अँपिअर पेलणारी अशी केबल ४५ अंशांत सुमारे ७९ अँपिअरच पेलते. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली ४५ अंश सहज होतात. कॅटलॉगमधला आकडा किती तापमानासाठी आहे, हे त्याच पानावर छापलेले असते, वाचतो कोण? लूम वाढतात, मेन केबल मात्र जुनीच राहते.