पेट्रापोलचं फाटक आणि सार्कची सनद

पश्चिम बंगालमधलं पेट्रापोल आणि बांगलादेशातलं बेनापोल यांच्यात सरहद्दीचं एक फाटक आहे. ते ओलांडायला मालाला सुमारे १३८ तास लागतात, असं जागतिक बँकेचा २०२१ सालचा अहवाल सांगतो. त्यातले २८ तास एका ट्रकमधला माल उतरवून दुसऱ्यात भरण्यात जातात. पूर्व आफ्रिकेत एवढीच वर्दळ असलेल्या नाक्यांवर सहा तासही लागत नाहीत. भारतीय कंपनीला बांगलादेशापेक्षा ब्राझील किंवा जर्मनीशी व्यापार करणं १५ ते २० टक्क्यांनी स्वस्त पडतं, हा त्याच अहवालाचा निष्कर्ष तर मला फारच अस्वस्थ करतो.

दक्षिण आशियाचं घोडं कुठे अडलं, असं विचारलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं: पाकिस्तान. ते खोटं नाही. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या २०१४ मधल्या काठमांडू परिषदेत, एकमेकांच्या वाहनांना सरहद्दीपार जाऊ देणारा मोटार वाहन करार पाकिस्ताननेच अडवला. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर सार्कची इस्लामाबादची परिषद रद्द झाली, ती पुन्हा भरलेली नाही. पण खरी मेख सार्कच्या १९८५ सालच्या सनदेतच आहे. निर्णय एकमताने घ्यायचे आणि द्विपक्षीय वाद चर्चेला आणायचे नाहीत, असं तिथे लिहिलं आहे. या अटींमागे दोन्हीकडची भीती होती: थोरला शेजारी सगळं एकट्याने ठरवेल, ही धाकट्यांची धास्ती. धाकटे एकजूट करून आपल्याला घेरतील, ही भारताची. त्यामुळे कुणालाही सगळ्यांची वाट अडवता येते आणि ती का अडवली, हे मात्र त्या टेबलावर बोलता येत नाही. साफ्टा हा सार्क देशांचा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे. तरी या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के आहे. आग्नेय आशियाई देशांच्या आसियानमध्ये हेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे.

पाकिस्तानला वगळून २०१५ मध्ये थिंफूत भारत, बांगलादेश, नेपाळ आणि भूतान या चार देशांनी वाहन करार केला, तर भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तो मान्य केला नाही. परक्या ट्रकांची गर्दी त्या छोट्या देशाला नको होती.

आणि आपण? सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने अचानक कांद्याची निर्यात थांबवली. ढाक्यात भाव भडकले. दिल्लीत आलेल्या बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीनांनी, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं जाहीरपणे सांगितलं. २०२० आणि २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. नाशिकच्या शेतकऱ्याचं हक्काचं गिऱ्हाईक त्यात दुखावलं. तिकडे बांगलादेशाने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शीचे बागायतदार अडचणीत आले.

यात भारताची जबाबदारी मला मोठी वाटते, कारण नेपाळ-भूतानचा बांगलादेशाकडे जाणारा रस्ता आपल्याच भूमीतून जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन देशांनी करार केला आणि नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय तारांवरून बांगलादेशाला मिळू लागली. तीही दिल्ली-ढाका संबंध ताणलेले असताना. एप्रिल २०२५ मध्ये मात्र बांगलादेशी मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात जाऊ देणारी सवलत भारताने काढून घेतली. विजेमागे तीन देशांचा करार होता. या सवलतीमागे फक्त आपल्या सीमाशुल्क मंडळाचं २०२० सालचं परिपत्रक होतं, म्हणून ती दुसऱ्या परिपत्रकाने रद्द करता आली.