एका रविवारचे रेकॉर्डिंग

जॅझच्या शौकिनाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘तुमचे ते संगीत म्हणे आयत्या वेळी सुचलेले असते. मग तीच ती रेकॉर्ड पुन्हा पुन्हा काय ऐकता?’ विचारणारा बहुधा ख्यालाचा कानसेन असतो आणि त्याचा मुद्दा बिनतोड असतो. बंदिश एकच असली तरी कालचा यमन आज नाही, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. जॅझमध्येही तेच. धून ठरलेली, पण तिच्या चौकटीत वादकाने त्या क्षणी जे मांडले, ते फक्त त्या क्षणाचे. असा क्षण तबकडीत बंद करून चाळीस वर्षे ऐकत राहणे ही विसंगती नव्हे काय?

विसंगती आहे खरी. पण ऐकत राहिल्याशिवाय त्या तबकडीत काय काय शिरले आहे, हे कळत नाही.

माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. न्यूयॉर्कमध्ये, एकेकाळी चर्च असलेल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, १९५९ सालच्या २ मार्च आणि २२ एप्रिल या दोन दिवसांत ती मुद्रित झाली. सोबत जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली सॅक्सोफोनवर आणि एक रचना सोडून बिल इव्हान्स पियानोवर. डेव्हिसने साथीदारांपुढे नुसते आराखडे ठेवले होते. स्वरसंगतींची धावपळ कमी, एकेका स्वरसमूहात रेंगाळणे जास्त. रागसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानाला ही रेकॉर्ड चटकन जवळची वाटते, ती त्यामुळेच.

गंमत पुढेच आहे. पहिल्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते. मंद गतीने मुद्रित झालेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढतो. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना जगभर थोड्या चढ्या सुरात ऐकल्या गेल्या. १९९२ साली दुसऱ्या यंत्रावरच्या राखीव टेपवरून ही चूक दुरुस्त झाली. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर तेहेतीस वर्षे ताळेबंदात फरक होता आणि खातेदार मात्र खूश! दुरुस्त आवृत्ती प्रथम ऐकली, तेव्हा माझ्या कानाला ती उगाच उतरल्यासारखी वाटली. सूर बरोबर होता, पण माझी ओळख जुन्या सुराशी झाली होती.

दुसरी माझी लाडकी रेकॉर्ड याहून साधी आहे. २५ जून १९६१, वार रविवार. न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात बिल इव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो डबल बासवर आणि पॉल मोशन ड्रम्सवर. दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशा पाच बैठका झाल्या. निर्माता ऑरिन कीपन्यूज याने सगळे मुद्रित करून घेतले. अगदी सुरुवातीच्या रचनेतच वीज गेली आणि टेप अडखळली. तोही तुकडा २००५ साली आलेल्या संपूर्ण संचात आहे.

एरवी बासवाल्याने ठेका धरून मागे उभे राहायचे. इथे लाफारो तसे करीत नाही. पियानोचे वाक्य पुरे व्हायच्या आत तो आपले म्हणणे मांडतो, इव्हान्स थांबून ऐकतो, मोशन ब्रशने मधली जागा भरतो. तीन समजूतदार माणसे गप्पा मारत बसावीत तसे हे वादन आहे. त्या दिवशी ‘ऑल ऑफ यू’ ही धून त्यांनी तीन वेळा वाजवली. तिन्ही मुद्रणे ओळीने ऐकावीत. कानसेन मित्राला याहून चांगले उत्तर माझ्यापाशी नाही.

या वादनाच्या मागे सतत लोक बोलत असतात. ग्लास किणकिणतात, मध्येच कुणी हसते. आपल्याकडच्या मैफलीत अशा मंडळींकडे चार जणांनी वळून पाहिले असते. तरुणपणी मलाही त्यांचा राग यायचा. समोर काय चालले आहे याचा या लोकांना पत्ताच नाही, असे वाटायचे.

आता राग येत नाही. पत्ता कुणालाच नव्हता. ६ जुलै १९६१ रोजी, म्हणजे त्या रविवारनंतर अकराव्या दिवशी, लाफारोची मोटार झाडावर आदळली आणि तो गेला. वय अवघे पंचवीस. इव्हान्सने त्यानंतर बराच काळ जाहीर वादन थांबवले. त्या रविवारच्या मुद्रणातून पहिली रेकॉर्ड निघाली, तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही लाफारोच्या रचनांनी केले गेले. आपण हे सारे ठाऊक असताना ऐकतो. वाजवणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते, म्हणून त्यांच्या वादनात निरोपाचा सूर कुठेही नाही. दुपार आहे, काम आहे, पुढच्या बैठकीला वेळ आहे, इतकेच.

कोल्हापूरच्या शाखेत असताना माझ्या एका सहकाऱ्याकडे या मैफलीची एलपी होती. तिची कॅसेट आम्ही स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवून केली. दुसरी सोय नव्हती. ‘माय फूलिश हार्ट’ चालू असताना आतून त्याच्या आईचा आवाज येतो, ‘चहा झालाय रे, या.’ आणि हा दबक्या आवाजात म्हणतो, ‘आलो.’ पुढे मी स्वच्छ सीडी घेतली. तिच्यात व्हॅनगार्डमधल्या ग्लासांचा किणकिणाट लख्ख ऐकू येतो, पण त्या ठरावीक जागी मी अजून चहाची हाक येईल म्हणून थांबतो. माउली कधीच गेल्या. मित्रही सहा वर्षांपूर्वी गेला. कॅसेट मात्र अजून चालते.

त्या क्लबातल्या बोलघेवड्या मंडळींकडे मी हल्ली याच कानाने ऐकतो. साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. त्यांतले कितीजण हयात असतील? कुणी कामाचे बोलत असेल, कुणी घरभाड्याचे, कुणी शेजारी बसलेल्या मुलीला काही सांगत असेल. शब्द कळत नाहीत. धून संपते, तुरळक टाळ्या पडतात आणि पुन्हा सगळे आपापल्या बोलण्याकडे वळतात.