फोन चांगला, रेंज पूर्ण. मग बोलणे का होत नाही?

५ सप्टेंबर २०१६ रोजी, म्हणजे नेमक्या शिक्षक दिनी, रिलायन्स जिओची सेवा देशभर सुरू झाली. दुकानांपुढे रांगा लावून लोकांनी सिमकार्डे आणली आणि त्यांतल्या काही जणांची पंचाईत झाली. इंटरनेट झपाट्याने चाले, चित्रफिती दिसत. पण साधा फोन लावावा तर लागत नसे. फोन बिघडलेला नव्हता. जुने सिमकार्ड घातले की त्याच फोनवरून व्यवस्थित बोलता येई. खोक्यावर '४जी' असे छापलेलेही होते. अशा ग्राहकांना कंपनीने एक वेगळे अ‍ॅप घ्यायला सांगितले आणि त्यातून बोलणे सुरू झाले. असे का व्हावे?

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जाऊ. भारतात १९९५ साली मोबाइल आला तो जीएसएम पद्धतीचा, ज्याला आपण आता २जी म्हणतो. या पद्धतीत एका वाहक लहरीवर आठ जण आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाला काळाचा एक बारीकसा कप्पा नेमून दिलेला असतो आणि बोलणे चालू आहे तोवर तो कप्पा त्याच्यासाठी राखीव असतो. जुन्या तारेच्या टेलिफोनमध्ये दोन माणसांमध्ये एक सलग परिपथ जोडला जाई, त्याचेच हे बिनतारी रूप. आवाज कसा पाठवायचा, हे या पद्धतीच्या नियमांतच बारकाईने ठरवलेले होते. त्यामुळे फोन कंपनीकडून घ्या, बाजारातून घ्या किंवा दुबईहून आलेल्या मामाने दिलेला असो. लहरींचा पट्टा जुळला आणि फोनला कुलूप नसले की बोलणे व्हायचेच.

४जी, म्हणजे एलटीई, मुळातच वेगळे आहे. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो या शहरांत ही सेवा प्रथम सुरू झाली. तिच्यात राखीव परिपथ नाहीच. सगळी माहिती छोट्या पाकिटांत भरून पाठवायची, मग ते छायाचित्र असो की पत्र. मग बोलण्याचे काय? सुरुवातीला एक सोपी पळवाट काढली गेली. फोन आला की हँडसेटने ४जी सोडून २जी किंवा ३जीवर उतरायचे, बोलून घ्यायचे आणि पुन्हा वर चढायचे. दुसरा मार्ग म्हणजे आवाजाचीही पाकिटे करायची. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात, म्हणजे सेकंदाला पन्नास पाकिटे. हीच व्हीओएलटीई, लोकांच्या तोंडी 'व्होल्टे'. जिओकडे २जी किंवा ३जी नव्हतेच, त्यामुळे खाली उतरायला पायरी नव्हती. ज्या फोनला व्होल्टे येत नव्हते, तो मुका झाला.

चौकस विद्यार्थी इथे विचारील, की व्हॉट्सअ‍ॅपवरही आवाजाची पाकिटेच जातात, मग ते कोणत्याही फोनवर कसे चालते? प्रश्न रास्त आहे. व्हॉट्सअ‍ॅपची पाकिटे इतर सर्व पाकिटांबरोबर एकाच रांगेत उभी राहतात. गर्दी झाली की आवाज तुटतो. व्होल्टेच्या पाकिटांसाठी मात्र नेटवर्क स्वतंत्र मार्ग मोकळा ठेवते. तो मिळवण्यासाठी फोनला आधी कंपनीच्या आयएमएस नावाच्या यंत्रणेत नाव नोंदवावे लागते, सिमकार्डाच्या साहाय्याने ओळख पटवावी लागते आणि आवाज कोणत्या पद्धतीने संकुचित करायचा, हे ठरवून घ्यावे लागते. याचेही आंतरराष्ट्रीय नियम आहेत. पण त्यांत पर्याय बरेच आहेत आणि प्रत्येक कंपनीने आपापले पर्याय निवडले आहेत.

खरी गोम आहे ती इथे. प्रत्येक कंपनीसाठी लागणारी ही सेटिंगे फोनमध्ये आधीच भरलेली असावी लागतात. सिमकार्डात एक क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देश सांगतात (भारताचे ४०४ आणि ४०५) आणि पुढचे दोन-तीन कंपनी सांगतात. फोन ते वाचतो आणि आपल्या साठ्यात त्या कंपनीची सेटिंगे शोधतो. ती सापडली नाहीत, तर अनेक फोन व्होल्टे बंदच ठेवतात. मूल हुशार आहे, पण हजेरीपटात नाव नाही, तशातली ही गत.

शिवाय तपासणी दुसऱ्या बाजूनेही होते. कोणत्याही फोनवर *#०६# दाबले की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. त्यातले पहिले आठ आकडे फोनचा नमुना सांगतात, पुढचे सहा त्या नमुन्यातला अनुक्रम आणि शेवटचा ताळा पाहण्यासाठी असतो. म्हणजे आपल्यापुढे कोणता हँडसेट आला आहे, हे नेटवर्कला लगेच कळते. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी ३जी बंद केले, त्याआधी चालणाऱ्या फोनची एक यादीच प्रसिद्ध केली. यादीत नसलेल्या अनेक फोनवरून बोलणे बंद झाले, अगदी व्होल्टेची क्षमता असलेल्या फोनवरूनही. त्याच नावाच्या फोनची अमेरिकेत विकलेली आवृत्ती यादीत आणि बाहेरच्या देशांसाठीची आवृत्ती नाही, असेही घडले. इथून फोन घेऊन तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांनी म्हणूनच फोनचे नाव नव्हे, तर नमुना क्रमांक पाहावा. अमेरिकेत फोन बहुधा सेवा कंपनीच हप्त्याने विकते. आपल्याकडे तो खुल्या बाजारातून घेतला जातो. इथे विकायचा तर सर्व कंपन्यांची सेटिंगे भरणे उत्पादकाला भागच पडते. म्हणून हा त्रास आपल्याला फारसा जाणवत नाही.

न तपासलेल्या फोनची जबाबदारी घेता येत नाही, असे कंपन्या म्हणतात. हा युक्तिवाद आम्हांला अर्धाच पटतो. चांगले चालणारे फोन निव्वळ यादीत नाहीत म्हणून अडवण्याचे समर्थन त्याने होत नाही. पण उरलेला अर्धा भाग गंभीर आहे आणि तो ऑस्ट्रेलियात स्पष्ट दिसला.

तिथे टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या कंपन्यांनी २८ ऑक्टोबर २०२४ पासून ३जी बंद करायला सुरुवात केली. त्याआधी लक्षात आले, की काही फोन नेहमीचे बोलणे ४जीवर करतात, पण ००० हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावला की ३जीवर उतरतात. कारण तातडीच्या कॉलसाठी व्होल्टेमध्ये निराळी व्यवस्था असते आणि जुने जाळे हाताशी असताना ती फोनमध्ये न भरणे उत्पादकांना सोयीचे होते. ३जी गेल्यावर अशा फोनवरून घरच्यांशी रोज गप्पा होतील, मालकाला शंकाही येणार नाही आणि रुग्णवाहिका बोलवायच्या क्षणी फोन लागणार नाही. तेव्हा तिथल्या नियमाने कंपन्यांना बजावले, की जो फोन ००० लावू शकत नाही, त्याला कोणतीच सेवा देऊ नये. परदेशातून आणलेले कितीतरी फोन यात निकामी झाले. लोक संतापले, ते स्वाभाविकच होते. तरीही अर्धवट चालणाऱ्या फोनपेक्षा उघडपणे बंद पडलेला फोन कमी धोक्याचा, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचे २जी चालू असल्याने ही उणीव झाकली जाते. ती वर्गात उघडी करून पाहता येते. यांपैकी एका कंपनीचे सिमकार्ड घ्या, वाय-फाय बंद ठेवा आणि मोबाइल डेटा चालू ठेवा. फोन लावा आणि बोलणे चालू असतानाच एखादे संकेतस्थळ उघडा. ते उघडले आणि पडद्यावर ४जी टिकून राहिले, तर बोलणे व्होल्टेवर आहे. आता सेटिंगमधले व्होल्टेचे बटण बंद करून पुन्हा लावा. कॉल लागायला वेळ अधिक जाईल, ४जीचे चिन्ह जाईल आणि पान अडकून बसेल. दोन्ही वेळा पलीकडच्या विद्यार्थ्याला 'स' आणि 'फ' उलटसुलट क्रमाने ऐकवा. जुन्या पद्धतीत सुमारे ३४०० हर्ट्‌झच्या वरचा आवाज कापला जातो, व्होल्टेत तो ७००० हर्ट्‌झपर्यंत पोचू शकतो. पलीकडचा फोनही व्होल्टेवर असला, तर कोणत्या खेपेला चुका कमी होतात ते मोजता येईल. मग तेच सिमकार्ड दुसऱ्या फोनमध्ये आणि त्याच फोनमध्ये दुसरे सिमकार्ड घालून पाहा, म्हणजे अडचण कोणत्या बाजूची आहे हे विद्यार्थ्यांना स्वतःच ठरवता येईल. ११२ हा क्रमांक मात्र प्रयोगासाठी लावू नये. पलीकडे खरा माणूस बसलेला असतो.