‘एडिशन’ म्हणजे आवृत्ती नव्हे

न्यायालयीन संज्ञा दुसऱ्या भाषेत नेताना शब्दकोश कसा दगा देतो, याचे स्वीडिश भाषेतील ‘एडिशन’ हे उत्तम उदाहरण होय. इंग्रजी शब्दाशी त्याचे स्पेलिंग अक्षरशः जुळते. परंतु स्वीडिश न्यायालयात त्याचा पुस्तकाच्या आवृत्तीशी काडीचाही संबंध नाही. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘बाहेर देणे’. इंग्रजीने त्यातून प्रकाशन घेतले. स्वीडिश कायद्याने दस्तऐवज हजर करणे हा अर्थ राखला. (आपल्या कचेऱ्यांतील ‘दस्तऐवज’ फारसी आणि ‘हजर’ अरबी. या जोडीने स्वीडिश संज्ञेचा अर्थ किती नेमका उतरतो!)

स्वीडनची न्यायालयीन कार्यपद्धतीची संहिता १९४२ ची असून १९४८ पासून अमलात आहे. तिच्या ३८व्या प्रकरणानुसार पुरावा म्हणून महत्त्वाचा ठरू शकेल असा लेखी दस्तऐवज ज्याच्या ताब्यात असेल त्याने तो हजर केला पाहिजे, मग तो पक्षकार असो वा तिऱ्हाईत. न्यायालय तसा आदेश ‘वीते’ लावून देऊ शकते. ‘वीते’ म्हणजे आदेश न पाळल्यास भरावी लागणारी रक्कम. तिला नुसते ‘फाइन’ म्हटल्यास ती गुन्ह्याची शिक्षा वाटते. ‘कंडिशनल फाइन’ म्हणणेच योग्य.

‘एडिशन’साठी इंग्रजीत ‘डिस्क्लोजर’ लिहिण्याचा मोह होतो. इंग्लंडमध्ये २६ एप्रिल १९९९ पासून लागू झालेल्या दिवाणी नियमांनी ‘डिस्कव्हरी’च्या जागी हा शब्द आणला. (आपल्या १९०८ च्या दिवाणी संहितेच्या ११व्या आदेशात मात्र ‘डिस्कव्हरी’ टिकून आहे.) तेथे ‘डिस्क्लोजर’ म्हणजे दस्तऐवज आहे किंवा होता असे कळवणे; नेहमीच्या प्रकारात स्वतःच्या विरुद्ध जाणारे कागदही पक्षकाराने कळवायचे असतात. स्वीडनमध्ये असे सरसकट बंधन नाही. मागणाऱ्यानेच कोणता कागद, किंवा कागदांचा कोणता नेमका वर्ग हवा आणि त्यातून काय सिद्ध करावयाचे, हे सांगावे लागते. भाषांतरात ‘डिस्क्लोजर’ वाचलेला इंग्रज वकील समोरच्याकडून आपणहून येणाऱ्या यादीची वाट पाहत बसेल आणि अर्ज करावयाचा राहून जाईल. म्हणून ‘प्रॉडक्शन ऑफ डॉक्युमेंट्स’ हाच पर्याय सुरक्षित.

फौजदारी बाजूस गुंता निराळा. तेथील ‘स्लूटडेलयीव्निंग’ या रूढ संज्ञेने तपास संपत आल्यावर, परंतु आरोप ठेवण्यापूर्वी, संशयिताला तपासाचे साहित्य पाहू देणे अभिप्रेत आहे. त्याला आणखी चौकशीची मागणीही करता येते. इंग्लंडमध्ये सरकारी पक्षाचे ‘डिस्क्लोजर’ मुख्यतः आरोपानंतरचे. येथे एका शब्दाचा हट्ट सोडून तपास पूर्ण झाल्याची सूचना आणि साहित्य पाहण्याची संधी, असे फोड करून लिहावे.