जळगाव-धुळ्यात नोकरी लागली, आता राहायचं कुठे? रूम ठरवण्याआधी हे नक्की तपासा

सोमवारी जॉइनिंग. शनिवारपर्यंत रूम हवी. शहरात ओळखीचं कुणी नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात, "चांगला एरिया कोणता?"

उत्तरंही ठरलेलीच मिळतात. जळगावात महाबळ, रिंग रोड, गणेश कॉलनी. धुळ्यात देवपूर. हे भाग नावाजलेले आहेत यात वाद नाही. पण एमआयडीसीत रात्रपाळी करणारा मुलगा, विद्यापीठात रुजू झालेली मुलगी आणि रोज भुसावळला अप-डाउन करणारा कर्मचारी या तिघांना एकच एरिया सोयीचा कसा ठरेल?

निवड चुकली की करार संपेपर्यंत अडकायला होतं. मध्येच सोडायचं म्हटलं तर डिपॉझिट अडकतं. पहिल्या पगारातून हा खड्डा भरून काढणं सोपं नसतं. म्हणून कॉलनीचं नाव विचारण्याआधी काही गोष्टी क्रमाने तपासायला हव्यात.

आधी कामाचं ठिकाण, मग कॉलनी

जळगावची एमआयडीसी शहराच्या पूर्वेला, अजिंठा रस्त्याच्या बाजूला आहे. तिथे काम असेल तर अयोध्यानगर, मेहरूण, कुसुंबा हा पट्टा जवळ पडतो. याउलट कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ पश्चिमेला बांभोरीजवळ, गिरणा नदीच्या पलीकडे आहे. जैन उद्योगसमूहाचा प्लास्टिक पार्कही बांभोरीलाच. तिकडे जायचं असेल तर पिंप्राळा, खोटेनगर, शिव कॉलनी, निमखेडी हा भाग सोयीचा.

भुसावळची रेल्वे, दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र किंवा वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी इथे नोकरी असेल, तर मुळात जळगावात राहायचंय की भुसावळात, हे आधी ठरवा. दोन्ही शहरांत साधारण २५ किलोमीटरचं अंतर आहे. जळगावातच राहायचं असेल तर स्टेशनपासूनचं अंतर सगळ्यात महत्त्वाचं. रेल्वेरुळांच्या कोणत्या बाजूला राहताय यावर रोजची दहा-पंधरा मिनिटं ठरतात. कारण शिवाजीनगर किंवा कानळदा रस्त्याकडून शहरात यायचं तर रूळ ओलांडावेच लागतात.

धुळ्यात हेच काम पांझरा नदी करते. देवपूर नदीच्या उत्तरेला आहे, तर मूळ शहर, बसस्थानक आणि साक्री रोड दक्षिणेला. अवधान एमआयडीसी शहराच्या दक्षिणेला, मालेगावच्या दिशेने. म्हणजे देवपुरात राहून अवधानला नोकरी करायची तर रोज पूल ओलांडून अख्खं शहर पार करायचं. तीच नोकरी नरडाणा एमआयडीसीत असेल तर चित्र उलटं. नरडाणा शिरपूरच्या रस्त्यावर, उत्तरेला आहे. तेव्हा देवपूर, वाडीभोकर रोड, नगाव बारीचा भाग सोयीचा ठरतो.

"सेफ एरिया" म्हणजे नेमकं काय?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. "तो एरिया चांगला नाही" असं कुणी सांगतं, तेव्हा तो चोऱ्यांबद्दल बोलत असेलच असं नाही. अनेकदा त्याचा अर्थ "तिथे आपले लोक राहत नाहीत" एवढाच असतो. जात, धर्म, गाव यावरून अख्ख्या वस्तीवर शिक्का बसतो. धुळ्यात २००८ आणि २०१३ मध्ये दंगली झाल्या होत्या. त्या आठवणींवर आजही काही भागांची ओळख सांगितली जाते. पण आज तिथल्या गल्लीत रात्री साडेदहाला चालत जाता येतं का, हे जुन्या आठवणी सांगू शकत नाहीत.

मग कसं तपासायचं? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला, की पोलिसांनी एफआयआर २४ तासांच्या आत वेबसाइटवर टाकावा. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांना यातून वगळलं आहे. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारीख निवडून दाखल झालेले एफआयआर पाहता येतात. जळगाव शहरात जिल्हापेठ, शनिपेठ, रामानंदनगर, एमआयडीसी अशी ठाणी आहेत. धुळ्यात देवपूर, पश्चिम देवपूर, आझादनगर, चाळीसगाव रोड, मोहाडी उपनगर वगैरे. तुमची रूम कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते ते विचारा आणि मागच्या दोन महिन्यांचे गुन्हे चाळा.

फक्त आकडा बघून घाबरू नका. हद्द मोठी असली की गुन्हेही जास्त दिसतात. गुन्ह्याचा प्रकार बघा. दुचाकी चोरी वारंवार दिसत असेल तर कंपाउंडच्या आत गाडी लावायची सोय हवी. बंद घरं फोडल्याचे गुन्हे जास्त असतील तर सुट्टीत गावी जाताना शेजारी कोण असेल, हे महत्त्वाचं ठरतं. मंगळसूत्र, मोबाइल हिसकावल्याचे गुन्हे असतील तर ते कोणत्या रस्त्यावर आणि किती वाजता घडले ते पाहा.

यानंतर प्रत्यक्ष जा, आणि दोनदा जा. एकदा दिवसा आणि एकदा तुमची शिफ्ट सुटते त्या वेळेला. पथदिवे लागतात का? कोपऱ्यावर मेडिकल किंवा किराणा दुकान उघडं असतं का? त्या वेळी रिक्षा मिळते का? शेवटच्या वळणापासून दारापर्यंत किती अंधार आहे? हे पाच मिनिटांत कळतं, आणि ते कुणाच्याही सल्ल्यापेक्षा पक्कं असतं.

रोज महामार्ग ओलांडावा लागतो का?

सुरक्षितता म्हटलं की चोरी आठवते, रस्ता आठवत नाही. सुरत-नागपूर महामार्गाचा जुना रस्ता थेट जळगाव शहरातून जातो. त्यावरचे अपघात आणि समांतर रस्त्यांची मागणी हा शहरातला वर्षानुवर्षांचा विषय आहे. धुळ्यात तर मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर असे दोन मोठे महामार्ग भेटतात.

त्यामुळे रूमपासून कामापर्यंतचा रस्ता नकाशावर बघा. महामार्ग कुठे ओलांडायचा? तिथे भुयारी मार्ग किंवा सिग्नल आहे का? की ट्रकच्या मधून गाडी काढावी लागते? दोन रूम सारख्याच वाटत असतील तर महामार्ग ओलांडावा लागणार नाही ती घ्या.

भाडं कमी, पण महिन्याचा खर्च?

शहराबाहेरच्या नव्या कॉलन्यांमध्ये भाडं कमी सांगतात. एक साधा हिशोब करू. समजा, कामापासून १२ किलोमीटरवरची रूम ४,५०० रुपयांना आहे आणि ३ किलोमीटरवरची ६,००० रुपयांना. फरक दीड हजाराचा. पण लांबच्या रूममुळे रोज जाऊन-येऊन १८ किलोमीटर जास्त पडतात. महिन्याच्या २६ दिवसांचे झाले ४६८ किलोमीटर. बाइक लिटरला ४५ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये आहे असं धरलं, तर सुमारे १,१०० रुपये पेट्रोलमध्येच गेले. उरले ४०० रुपये. त्यात बाइकची सर्व्हिसिंग आणि तुमचा वेळ धरलेलाच नाही.

पुढचा मुद्दा पाण्याचा. जळगावला वाघूर धरणातून, तर धुळ्याला तापी नदी, नकाणे तलाव आणि अक्कलपाडा धरण अशा स्रोतांतून पाणी येतं. पण नळाला रोज पाणी येईल असं गृहीत धरू नका. मालकाला "पाण्याची सोय आहे का?" असं विचारलं तर उत्तर "हो" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "नळ किती दिवसांआड येतो, किती वाजता येतो आणि टाकी किती लिटरची आहे?"

शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. दोघं राहत असाल आणि नळ पाच दिवसांआड येत असेल तर लागतात १,३५० लिटर. गच्चीवर ५०० लिटरची एक टाकी आणि ती तीन भाडेकरूंमध्ये, असं असेल तर उन्हाळ्यात टँकरची वर्गणी आलीच. बोअर असेल तर मे महिन्यात तिला पाणी असतं का, हे मालकाला नाही, शेजारच्या भाडेकरूला विचारा. नळ भर दुपारी येत असेल आणि तुम्ही तेव्हा कामावर असाल, तर पाणी भरणार कोण, हेही आधीच ठरवा.

तिसरा मुद्दा उन्हाचा. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. वरच्या मजल्यावरची, थेट स्लॅबखालची किंवा पत्र्याची खोली म्हणूनच स्वस्त मिळते. तिथे कूलरशिवाय झोप लागणार नाही. मग कूलरला खिडकी आहे का आणि त्यात भरायला पाणी आहे का, हे दोन्ही बघावं लागतं.

कूलरसोबत लाईट बिलही येतं. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटना सगळ्यात कमी दर असतो, त्यापुढे दर चढत जातो. तीन भाडेकरूंमध्ये एकच मीटर असेल तर सगळ्यांचा मिळून वापर लगेच १०० च्या वर जातो आणि प्रत्येकाला महाग दराचा वाटा पडतो. स्वतंत्र मीटर असलेली रूम दोनशे रुपयांनी महाग असली तरी उन्हाळ्यात ती स्वस्त पडू शकते. मागच्या मे महिन्याचं बिल दाखवायला सांगा. त्यावर ग्राहकाचं नावही असतं, म्हणजे घर नेमकं कुणाचं, याचा अंदाजही येतो.

पावसाळ्याचाही विचार करा. हद्दवाढीत शहरात आलेल्या भागांत घरं आधी झाली, रस्ते आणि गटारी मागून येतात. काळ्या मातीत पहिल्याच पावसात दुचाकी रुतते. नदी-नाल्याच्या अगदी काठावरची रूम असेल तर पाणी कुठपर्यंत चढलं होतं, हे जुन्या रहिवाशांना विचारा.

"अकरा महिन्यांचा करार, नोंदणी कशाला?"

हे वाक्य जवळपास प्रत्येकाला ऐकायला मिळतं. केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेकराराला सक्तीची नोंदणी नाही, तिथून हा समज आला. पण महाराष्ट्रात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. मुदत अकरा महिन्यांची असली तरी. नुसतं स्टॅम्प पेपरवर नोटरी करणं म्हणजे नोंदणी नव्हे.

महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि लेखी नोंदणीकृत करार नसताना वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं.

खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कम एकूण भाड्यात मिळवतात. भाडं ६,०००, डिपॉझिट २०,००० आणि मुदत ११ महिने असेल तर मुद्रांक शुल्क २०० रुपयांच्या आतबाहेर. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइनही होते. मालक कुरकुरत असेल तर खर्च निम्मा-निम्मा करू, असं म्हणून बघा.

करारात चार गोष्टी लिहून घ्या : डिपॉझिट किती आणि किती दिवसांत परत, सोडण्याआधी किती दिवसांची नोटीस, वीज-पाण्याचा वाटा कसा, आणि रंगकामाचे पैसे कोण देणार. आणखी एक. मुदत संपल्यावरही खोली अडवून ठेवली तर मालक दुप्पट दराने भरपाई मागू शकतो, तेही याच कायद्यात आहे. त्यामुळे मुदत संपण्याची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

मालकाने पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हा संशय घेण्याचा प्रकार नाही. हा फॉर्म ऑनलाइन भरता येतो. त्याची पोच तुमच्याकडेही ठेवा.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी

फोटो सुंदर, भाडं अर्धं, मालक "बाहेरगावी" आणि "टोकन पाठवा, नाहीतर रूम जाईल" अशी घाई. चारही गोष्टी एकत्र दिसल्या तर थांबा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि शनिवारपर्यंत मनासारखी रूम मिळालीच नाही तर? घाईत अकरा महिन्यांसाठी सही करू नका. आठ-दहा दिवस लॉजवर, पीजीत किंवा सहकाऱ्याकडे काढा. तेवढ्या दिवसांत ऑफिसचा रस्ता, नळाचा वार आणि रात्रीची गल्ली हे तिन्ही कळतं. त्यानंतर "चांगला एरिया कोणता?" हा प्रश्न कुणाला विचारायची गरज उरत नाही.