तंबोऱ्यामागून दिसणारे श्रोते

मैफलीत श्रोत्यांना सगळ्यात नीट पाहतो तो तंबोऱ्यावर बसलेला माणूस. गवयाचे डोळे अर्धा वेळ मिटलेले, तबलजीचे गवयावर खिळलेले. आम्ही मागे बसून चार तारा छेडत राहतो, त्यामुळे कोण घड्याळ बघतंय, कोण शेवेचं पाकीट फोडतंय, कोणाचा चेहरा मोबाइलच्या उजेडानं निळा झालाय, हे सगळं आम्हाला दिसतं. शेव म्हणजे माळव्याचा श्वास, ते मान्य. पण विलंबित ख्यालाच्या पहिल्या आवर्तनात त्या पाकिटाचा आवाज रंगमंचावर येतो.

खरं नुकसान मात्र त्याच्या आधीच झालेलं असतं, तंबोरे जुळवताना.

आत, कलाकारांच्या खोलीत तंबोरे नीट लावून झालेले असतात. मग ते झोताखाली आणून ठेवायचे आणि दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचे दोन शब्द असं सगळं पार पडू द्यायचं. तेवढ्यात दिव्यांच्या उष्णतेनं तारा उतरतात. पडदा उघडा असताना पुन्हा जुळवणी सुरू होते, आणि सभागृहाला वाटतं की ही मध्यंतराची वेळ. ओळखीपाळखी निघतात, लग्नं ठरतात. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी म्हणतं, "चला, आता होऊन जाऊ द्या!"

या वेळी आमचे कान काय शोधत असतात? आधी खुंटी पिळून तार जवळपास आणायची, मग मणका केसभर सरकवायचा. मधल्या दोन तारा, म्हणजे जोडी, एकाच षड्जात लावायच्या. त्यांच्यात किंचित फरक असला तरी आवाजात एक हेलकावा येतो. फरक मिटत जातो तसा हेलकावा लांबत जातो आणि शेवटी थांबतो. मग जवारी. घोडीवर तारेखालचा दोरा थोडा पुढे-मागे केला की कधीतरी तार अचानक खुलते, आणि खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार ऐकू येऊ लागतो. तो फार हलका असतो. शंभर माणसं हळू आवाजात बोलत असली तरी तो बुडतो. मग 'ठीक आहे' म्हणून सुरू करावं लागतं, आणि पुढचा दीड तास गवई त्या अर्ध्या लागलेल्या सुरांवर उभा राहतो. गाणं आज रंगलं नाही, असं घरी जाताना म्हणणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

माळव्यातल्या देवासात बसलं की हे जास्तच खटकतं. कुमार गंधर्व 1948 च्या जानेवारीत क्षयानं आजारी होऊन या गावी आले. डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. गाता येत नव्हतं त्या वर्षांत ते पडल्यापडल्या माळव्याची लोकगीतं ऐकत राहिले, आणि त्या धुनांतून पुढे लगनगांधारसारखे राग आले. नुसत्या ऐकण्यातून इतकं काही उभं राहिलेलं दुसरं गाव मला माहीत नाही. तंबोरा जुळवण्याबद्दलचा त्यांचा हट्ट तर सगळ्या संगीतक्षेत्राला ठाऊक आहे.

म्हणून कुणी पुतळ्यासारखं बसावं, असं नाही. आपली मैफल दाद मागते. समेवर मान हलली, एखाद्या जागेला "क्या बात है" आलं, की गवयाला पुढची जागा सुचते. हे मी मागून अनेकदा पाहिलंय. नुसत्या आवाजालाही माझी हरकत नाही. इंग्रज कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर 1921 मध्ये देवासच्या महाराजांचा सचिव होता, तेव्हाच्या गोकुळाष्टमीत एकाच वेळी चालणाऱ्या गाण्या-वाजवण्याच्या कोलाहलानं तो हैराण झाला होता. पण तो कोलाहल उत्सवाचाच होता. मांडीवर उलटा ताल धरणारे आजोबाही मला चालतात; ते निदान गाण्यात असतात.

चालत नाही ती पहिली रांग. तिथले सोफे पाहुण्यांसाठी राखलेले, म्हणून ख्याल सुरू होईपर्यंत रिकामे. आलाप गांधारापर्यंत पोचला की पाहुणे येतात. सोबत चार माणसं, मागे छायाचित्रकार. अर्धं सभागृह उठून उभं राहतं. आयोजक वाकून पाण्याच्या बाटल्या ठेवतात. थोड्या वेळानं पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला निघतात आणि पुन्हा सगळे उभे. एकदा मागच्या रांगेतल्या मुलीनं एका गृहस्थांना हात जोडून विचारलं, "काका, फोन बाहेर जाऊन घ्याल का?" ते म्हणाले, "अगं, पाहुण्यांचाच फोन आहे, वाट चुकलेत."

भैरवी सुरू झाली की गाड्या काढायची घाई. त्या वेळी आमच्यासमोर नुसत्या पाठी असतात, आणि तंबोरा तर शेवटच्या सुरापर्यंत थांबवता येत नाही.

अलीकडे मी आयोजकांना आधीच विनंती करते: भाषणं संपवा, दारं लावा, मग दहा मिनिटं तंबोरे जुळवू द्या आणि ती शांतता कार्यक्रमाचाच भाग आहे असं निवेदकाला सांगायला लावा. दोन-तीन ठिकाणी ऐकलं गेलं. तिथे लोक खरंच गप्प बसले, काही तर पुढे झुकून ऐकत होते. एका आयोजकांनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे ताई, पण पाहुणे उशिरा आले तर त्यांचा सत्कार कधी करायचा?"